सुईत दोरा ओवता येईना, म्हणून मेंदू शिकायचाय

*ताई, मी बार्शीची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. बाबांचं शिलाईचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४९व्या वर्षी, त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. अजून ते कापड कापतात, पण सुईत दोरा ओवायला आईला हाक मारतात. मला इंग्लंडच्या एका विद्यापीठात मेंदूचे विकार आणि प्रगत न्यूरोसायन्स अशा एका वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. सगळा खर्च पस्तीस लाखांच्या घरात जातो. बाबा म्हणतात, दुकानाचा गाळा तारण ठेवू. काका म्हणतात, बी.एड. कर. कॉलेजातले सर म्हणाले, "डॉक्टर न होता मेंदूचं काय करणार तू?" मला बाबांच्या आजारावर औषध शोधायचंय. गणित बारावीला सुटलं ते सुटलंच. आणि खरं सांगू का? या आजारावरचा एक लेख वाचायला घेतला, तिसऱ्या पानावर पुढच्या टप्प्यांचं वर्णन आलं आणि मी लॅपटॉप मिटला. असा लेख पुरा वाचू न शकणाऱ्या मुलीने हा विषय घ्यावा का?*

*व., बार्शी*

प्रिय व.,

लॅपटॉप मिटलास ते बरं केलंस. पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेले असताना, एकटीने, रात्री वाचायचं ते पान नव्हे. पण ते पान आता दिवसाउजेडी पुन्हा उघड, कारण त्यात तुझ्या भावी अभ्यासाचा पहिला धडा आहे.

तू वाचलेलं वर्णन बहुधा पाच टप्प्यांचं असणार. एका बाजूची थरथर इथून सुरुवात आणि अंथरुणाला खिळणं हा शेवट. ही वर्गवारी हॉन आणि यार या दोघांनी १९६७ साली छापली. त्यांनी ज्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या ते १९४९ ते १९६४ या काळात न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात आलेले होते. म्हणजे आज बाबा जी गोळी घेतात ती त्यांच्यापैकी कुणाला सर्रास मिळत नव्हती. वर्गवारी सोयीची म्हणून डॉक्टर अजून वापरतात, पण ते काही तुझ्या बाबांचं पंचांग नाही. या आजारात दोन रुग्णांची चाल सारखी नसते, आणि तरुणपणी सुरू झालेला आजार बऱ्याचदा संथ चालतो. आकडे कुणाचे, कधीचे, कुठले, हे विचारल्याशिवाय घाबरायचं नाही आणि हुरळूनही जायचं नाही. विद्यापीठात मेंदूच्या विकारांचा अभ्यासक्रम असतो, त्याचा अर्धाअधिक भाग हाच असतो बघ. बाकीचा भाग पाठ करता येतो.

आता मूळ प्रश्न. तुझ्या पत्रात दोन इच्छा एकाच धाग्यात ओवल्या आहेत. बाबांना बरं करायचंय ही एक, आणि मेंदू समजून घ्यायचाय ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. पण दोघींची घड्याळं वेगळी चालतात, आणि हे आज नाही सांगितलं तर पाच वर्षांनी तू स्वतःवरच रागावशील.

बाबांच्या गोळीचीच, म्हणजे एल-डोपाची, गोष्ट घे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली 'थरथरत्या लकव्या'वर निबंध लिहिला, तेव्हा मेंदूत नेमकं कुठे बिघडतं याचा पत्ता नव्हता. मेंदूच्या बुंध्यात एक काळपट पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणजे शब्दशः 'काळा पदार्थ', तो या रुग्णांत फिका पडतो हे ट्रेत्याकॉफने दाखवलं १९१९ साली. शंभर वर्षं इथेच गेली. पुढचं वळण आपल्या मातीतून येतं. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या औषधात होतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्विस रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसनने ते सशांना टोचलं तर ससे दगडासारखे निश्चल झाले. मग त्याने त्यांना एल-डोपा दिलं, ज्याचं मेंदूत डोपामिन हे रसायन बनतं, आणि ससे थोड्याच वेळात उठून फिरू लागले. हे १९५७ साल. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं रसायन बनताना लागणारा कच्चा माल, एवढीच त्याची किंमत होती. व्हिएन्नात हॉर्निकिविचने मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन घटलेलं आहे हे १९६० साली दाखवलं, १९६१ साली पहिल्या रुग्णांना एल-डोपा टोचून दिलं गेलं, आणि रोज तोंडाने घेता येईल असं, हळूहळू मात्रा वाढवत, ते कोट्झियासने १९६७ साली बसवलं.

आणि गंमत अशी की हे एल-डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांमध्ये भरपूर असतं. ते त्या बियांतून वेगळं काढल्याचा दामोदरन आणि रामस्वामी यांचा निबंध १९३७ सालचा आहे. बाटली आपल्या फडताळात होती, कुलूप कुठलं ते ठाऊक नव्हतं. (ओघात आलंच आहे तर सांगते: कुणी कवचबीजाचं, म्हणजे याच बियांचं, चूर्ण आणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाबांना देऊ नका. त्यात खरंखुरं औषध असतं, म्हणूनच गोळीसोबत घेतलं तर मात्रेचा हिशेब बिघडतो.)

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे त्या गोष्टीला वळण देणाऱ्या दोघांनाही सुरुवातीला पार्किन्सन्सचं औषध शोधायचं नव्हतं. डॉ. वकील रक्तदाबाच्या मागे होते, कार्लसन रेसर्पिन मेंदूत काय करतं या कोड्यामागे. आणि १९६७ नंतर इतकी वर्षं लोटली, तरी थरथर आणि ताठरपणावर सर्वांत प्रभावी औषध अजून तेच आहे. ते लक्षणं आवरतं, पेशींचं मरणं थांबवत नाही. ते थांबवणारं औषध शोधण्यात जगभरची हुशार माणसं गुंतली आहेत, आणि ते अजून हाती लागलेलं नाही. तू उद्या प्रयोगशाळेत पाय ठेवलास, तरी स्वतःचा म्हणावा असा पहिला निष्कर्ष हाती यायला सहा-सात वर्षं जातील. त्यातून बाबांच्या हातात सुई परत येईल असं वचन मी देणार नाही, तूही स्वतःला देऊ नकोस. 'बाबांसाठी' म्हणून हा विषय घेतलास तर प्रत्येक फसलेला प्रयोग तुला बाबांशी केलेली हयगय वाटेल. आणि प्रयोग फसतातच, आठवड्यातून चार.

माझंच सांगते. पीएच.डी.चे आठ महिने मी सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांच्या त्या भागातल्या पेशी मोजल्या. उंदरांत तो पट्टा काळा दिसतही नाही, माणसातलं ते रंगद्रव्य त्यांच्यात तसं साठत नाही. त्यामुळे आधी पेशी रंगवायच्या, मग मोजायच्या. आठ महिन्यांनी कळलं की रंगाची एक बाटली खराब होती. त्या दिवशी मी वडापाव खाल्ला आणि घरी जाऊन झोपले. माझ्या घरात तेव्हा कुणाला हा आजार नव्हता म्हणून झोप लागली. तुला लागेल का, हे एकदा विचारून बघ.

आता तू म्हणशील, ताई नकोच म्हणताहेत. नाही. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी वर छापलं नाही, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. तू लिहिलंयस की निदानाच्या बरीच वर्षं आधी एकदा इस्त्रीखाली कापड करपलं, दुकानभर वास सुटला, आईला माजघरात आला आणि इस्त्री हातात असलेल्या बाबांना आला नाही, "याचा काही संबंध असेल का?" आहे. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, ही या आजाराची लक्षणं थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. हात कापू लागेपर्यंत त्या पट्ट्यातल्या बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात. ब्राक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ साली असं सुचवलं की बिघाड वासाच्या केंद्रापासून आणि आतड्याशी जोडलेल्या मज्जातंतूच्या मुळापासून सुरू होऊन वर चढतो. सगळ्या रुग्णांना ते लागू पडत नाही, वाद चालू आहे. पण करपलेल्या कापडापाशी थांबून जी मुलगी 'संबंध असेल का' विचारते तिला हा विषय जमतो. बी.एड. वाईट नाही, मी स्वतः आयुष्यभर शिकवलंच, पण ते काकांच्या सांगण्यावरून करू नकोस.

तर विषय घे. इंग्लंडचा प्रवेश मात्र, माझं ऐकशील तर, या वर्षी सोड.

एका वर्षाच्या त्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक नीट बघ. सप्टेंबरात सुरू, वसंतापर्यंत तास आणि निबंध, मग उन्हाळ्यात तीनेक महिन्यांचा प्रकल्प की संपलं. शिकवणं उत्तम असेल, शंका नाही. पण प्रयोगाला हात लागतो तो त्या तीन महिन्यांत, आणि तेवढ्या काळात माणूस जेमतेम पिपेट धरायला आणि प्रयोगशाळेतला चहा कुठे मिळतो ते शिकतो. त्यानंतर पीएच.डी. लागतेच. म्हणजे गाळा तारण ठेवून तू दाराशी पोचतेस, आत जायचं तिकीट वेगळं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर डोळे झाकून जा. बाबांचं उत्पन्न जेव्हा कमीच होत जाणार आहे तेव्हा त्याच दुकानावर कर्ज नको. बाबा 'हो' म्हणतील, बाप म्हणतातच. तो होकार धरू नये.

इथे रस्ता आहे, आणि त्यात उलट तुलाच पैसे मिळतात. बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी. असते. पुण्याची आयसर, मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, तिन्हीकडे जीवशास्त्रात ती आहे आणि तिन्हीकडे मेंदूवर काम करणारे गट आहेत. दरमहा विद्यावेतन मिळतं. जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत होते, टीआयएफआरची स्वतःची आहे, तारखा दरवर्षी जाहिरातीत बघायच्या. नुसती न्यूरोसायन्सची एम.एस्सी. हवी असेल तर हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. पण पदवीवर 'न्यूरो' हा शब्द असलाच पाहिजे असा हट्ट नको. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अगदी भौतिकशास्त्रातूनही लोक या विषयात येतात. एम.एस्सी.नंतर नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी.च्या शिष्यवृत्त्याही आहेत, कागदपत्रं वेळेत काढून ठेवली तर. जात पडताळणीसाठी ऐनवेळी धावणारी मुलं मी खूप पाहिली.

त्याआधी एक कर. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करायला पाठवतात, भत्ता देतात. अर्ज भर. जोडीला एखाद्या शास्त्रज्ञाला थेट मेल लिही. 'आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट अबाउट ब्रेन' असं लिहू नकोस, तसे मेल त्यांना रोज दहा येतात. त्यांचा एक निबंध वाच, त्यातल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचार. पाच ओळी पुरेत. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी आठवण कर. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग. मज्जातंतूतून संदेश कसा धावतो ते हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ साली उलगडलं ते माकुळाच्या जाड मज्जातंतूवर. आपण ज्याचं कालवण करतो तोच माकूळ. टीआयएफआरमध्ये १९६२ साली जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबैद सिद्दिकी शिकले होते वनस्पतिशास्त्र. त्यांनी पुढे फळमाश्यांवर काम केलं. तापमान वाढवलं की लुळ्या पडणाऱ्या आणि गार केलं की पुन्हा उडणाऱ्या माश्या. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटावा. पण अशाच फळमाशीत २००६ साली दोन गटांनी दाखवलं की पार्किन्सन्सशी निगडित दोन जनुकं, पिंक-१ आणि पार्किन, एकाच साखळीत काम करतात, आणि ती साखळी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया धड ठेवण्याची आहे. तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सन्सच्या काही रुग्णांत हीच जनुकं बिघडलेली सापडतात. डॉक्टर रुग्ण बघतो. माशी बघायला दुसरं कुणीतरी लागतं.

हे वाचून तुझ्या मनात जो प्रश्न आला असेल, 'मग मला?', त्याचं उत्तर: बहुतेक रुग्णांत कुठल्याही एका जनुकावर बोट ठेवता येत नाही, आणि वडिलांना आहे म्हणजे मुलीला होणार असं नाही. बाबांचं वय पाहता डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, पण जनुकीय समुपदेशकाशी बोलल्याशिवाय चाचणी करून घेऊ नकोस. आणि एक आधीच सांगून ठेवते. मेंदूच्या विकारांचा तास सुरू झाला की वर्गातल्या प्रत्येकाला दर आठवड्याला नवा आजार होतो. चमचा हातातून पडला की पार्किन्सन्स, किल्ली हरवली की अल्झायमर. होतं ते. सत्र संपलं की जातं.

गणिताचं घाबरू नकोस. पेशीच्या आत पोटॅशियम १४०, बाहेर ५ (मिलिमोल प्रति लिटर), बाहेरच्याला आतल्याने भागून त्याचा लॉग घेतला आणि ६१ ने गुणलं की जवळजवळ उणे ८८ मिलिव्होल्ट येतात. पेशी शांत बसलेली असताना विद्युतदाब त्या आकड्याकडे का झुकतो, हे एवढ्याशा गणितात आहे. अकरावीचा लॉग पुन्हा काढ. संख्याशास्त्र मात्र मन लावून शीक आणि थोडं पायथन (संगणकाची भाषा), कारण हल्ली सूक्ष्मदर्शकापुढे जितके तास जातात तितकेच संगणकापुढे जातात. इंग्रजीचं म्हणशील तर शोधनिबंध सलग वाचतच नाहीत. आधी आकृत्या बघायच्या, त्यांच्याखालच्या ओळी वाचायच्या, आपला निष्कर्ष वहीत मराठीत लिहायचा, आणि मग लेखकाने काय म्हटलंय ते पडताळायचं. कधीकधी आपलंच बरोबर निघतं.

मेंदू हातात घेऊन बघावासा वाटला तर बंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत मेंदूंचं संग्रहालय आहे. तिथे तुझ्यामाझ्यासारख्यांनाही खरा मेंदू हातात धरू देतात. सव्वा-दीड किलोचा ऐवज. जा एकदा, पण बाबांना घेऊन नको.

राहिली पहिली इच्छा. बाबांसाठी काही करायचंय ना? त्याला पदवी लागत नाही. गोळीची वेळ घड्याळाबरहुकूम पाळ. डाळ, अंडी, दूध यांतली प्रथिनं एल-डोपाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना नेमकं विचार. गोळीचा अंमल कधी चढतो, कधी उतरतो याची महिनाभर नोंद ठेव, आणि सुईदोऱ्याचं काम अंमल असतानाच्या तासांत बसव. सुई ओवायचं यंत्र शिवणकामाच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतं, बाबांना ठाऊक असणारच, पण ते स्वतःहून आणणार नाहीत. व्यायाम रोज. या आजारात तो औषधाइतका मनावर घ्यावा लागतो. पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्याशी बोल. कंपवात झालेली आपल्याच भाषेतली माणसं हसतखेळत भेटताना पाहिली की बाबांना बरं वाटेल, आणि आईला त्याहून अधिक.

आणि शेवटचं. दुकानात मापांच्या जुन्या वह्या असतील. छाती, खांदा, बाही, उंची, तारखेसह, बाबांच्या हातच्या. या आजारात अक्षर लहान लहान होत जातं, बऱ्याचदा थरथर दिसायच्या आधीपासून. बाबांना विचार, त्यांची हरकत नसेल तर पंधराएक वर्षांच्या वह्या काढ, दर वर्षीच्या दिवाळीच्या गर्दीतलं एक आणि उन्हाळ्यातलं एक पान घे, आकड्यांची उंची पट्टीने मोज. गर्दीत कुणाचंही अक्षर बिघडतं, म्हणून दोन पानं. आलेख काढ. मग मला लिही, कुठल्या वर्षापासून रेघ खाली येते ते.

तुझी,
ताई